बंद गाडीतलं बोलणं

वसंता,

काल तुझा तेरावा झाला. पानं उठली, विडे फिरले आणि लोक तुझ्याबद्दल बोलायला लागले. काय एकेक बोलत होते, विचारू नकोस. वसंतराव म्हणजे देवमाणूस. वसंतरावांच्या हातात जादू. वसंतराव जन्मात कुणाला वावगं बोलले नाहीत. मी कोपऱ्यात सुपारी कातरत बसलो होतो, हे ऐकून अडकित्त्यात बोट सापडायचं बाकी राहिलं. वावगं बोलले नाहीत! मला तर तू एक दिवस सरळ हाक मारली नाहीस. गज्या, गधड्या, दर्जी, मोची, तोंडाला येईल ते. मेल्यावर माणूस इतका गुळगुळीत होतो हे मला माहीत नव्हतं. हसू आलं मला.

मग कुणीतरी आक्कासाहेबांच्या गाडीची गोष्ट काढली. वसंतरावांनी बंद गाडीत बसून, नुसतं बोलून, डाग कसा घालवला ती. सगळे सरसावून ऐकायला लागले. मी उठलो आणि बाहेर जाऊन पायरीवर बसलो.

त्या डागाबद्दल मी आठ वर्षं तुझ्याशी खोटं वागलो. तुझ्या तोंडावर सांगायचं राहून गेलं. आज लिहायला बसलोय, कारण मला एकच गोष्ट कळून घ्यायची आहे. तू गेलास त्याला माझं ते खोटं कारण आहे का? एवढं कळलं की बाकीचं मी सोसेन.

तू मोटारखान्यातला, मी जिनखान्यातला. संस्थान होतं तेव्हा तुझे वडील दरबारच्या मोटारी रंगवायचे आणि माझे वडील रिसाल्यातल्या घोड्यांची जीनं शिवायचे. संस्थान गेलं. घोडे विकले, मोटारी विकल्या. मध्य भारताचा मध्य प्रदेश झाला, राजधानी भोपाळला गेली, साहेबलोक पेट्या बांधून तिकडे गेले, आणि आपण दोघे इथेच इंदुरात बडा गणपतीजवळ टिनाची शेड टाकून बसलो. तू म्हणालास, बाहेरून पत्रा तर कुणीही रंगवतो, आपण गाडीच्या आतलं काम धरू. सीट मी शिवायच्या, रंग तू मारायचा. मानकऱ्यांच्या घरच्या जुन्या विलायती गाड्या एकेक करून यायला लागल्या. कुणाला गाडी विकण्याआधी आतून नीट करायची असायची, कुणाला नुसती नीट करायची असायची.

आणि पहिल्या गाडीपासून आपलं भांडण सुरू. मी म्हणायचो, चामडं तडकलंय, फाडून टाक, नवं रेक्झिन चढवतो, दोन दिवसांत गाडी बाहेर. तू म्हणायचास, "अबे, तीस वर्षं माणसं टेकून टेकून हे कातडं असं झालंय. तुझं रेक्झिन म्हणजे जेवणाच्या टेबलावरचं मेणकापड." मग तुझं सुरू व्हायचं. साबणाचं पाणी, स्पिरिटचा बोळा, बारीक पॉलिश पेपर. हँडलांना आणि चौकटींना ग्रीस, म्हणजे उडालेला रंग नंतर फडक्यानं निघतो. नुसता पत्र्याचा रंग चामड्यावर मारला तर पापडासारखा तडकतो, म्हणून तू त्यात थेंब थेंब एरंडेल घालायचास. कागदावर रंग फवारायच्या गननं एक हात मारायचास, वाळला की तो कागद कानाशी नेऊन चुरगाळायचास. कुरकुरला तर अजून दोन थेंब. किती लोकांनी विचारलं, तू कुणाला सांगितलं नाहीस. मला सांगितलंस. त्याबद्दल मी तुला कधी काही बोललो नाही, पण मला ते फार वाटलं होतं.

रंगाच्या आधी तू गाडीत जाऊन बसायचास. प्रत्येक सीटवर, हात मांडीवर ठेवून, देवळात बसतात तसा. कुठे कोण बसायचं ते समजल्याशिवाय रंग कुठे किती पातळ करायचा ते कसं समजणार, म्हणायचास. मला ते फालतू नाटक वाटायचं. धारहून एक गाडी आली होती, आठवते? तू आत बसलास आणि बाहेर येऊन मालकाला म्हणालास, मागे डावीकडे एक बाई बसायच्या, त्या दाराची मूठ दोन्ही हातांनी धरून बसायच्या. तो गृहस्थ पांढराफटक पडला. त्याची आई एकदा चालत्या गाडीतून पडली होती म्हणे. तो गेल्यावर मी म्हणालो, मुठीजवळचं चामडं झिजलंय, ते पाहून ठोकून दिलंस, त्यात काय एवढं. तू नुसता हसलास. तू चहाला गेल्यावर मी दिवा धरून ती मूठ नीट बघितली होती, वसंता. कुठे काही झिजलेलं नव्हतं. तेव्हापासून तू गाडीत बसलास की मी माझं मशीन थोडं लांब सरकवून बसायचो.

दुसरं भांडण दारांचं. आपल्या माळव्यात होळी झाली की जी धूळ उडते, ती ओल्या रंगावर बसली की सीट रव्याची होते. म्हणून तुला गाडीची दारं, काचा सगळं बंद करून आत बसून रंग मारायचा असायचा. मी म्हणायचो, मरशील. त्या थिनरचा वास बाहेर शेडमध्ये माझं डोकं फिरवतो, तू आत बसून काय पितोस? शेवटी तोड काढली. एक दार उघडं ठेवायचं आणि त्यावर ओलं गोणपाट टांगायचं. धूळ गोणपाटात अडकायची, हवा आत जायची. तू कुरकुरलास पण ऐकलंस. कंप्रेसरचं बटण माझ्या हाताशी. काचेवर तुझी एक टिचकी म्हणजे चालू, दोन म्हणजे बंद. असं आपण कित्येक वर्षं केलं आणि तुझी तब्येत ठणठणीत होती. हे मी मुद्दाम लिहितोय.

मग आक्कासाहेबांची गाडी आली.

त्यांचे यजमान खजिन्यात मोठे अधिकारी होते. आपण त्यांना नुसतं साहेब म्हणायचो. धारहून परत येताना बेटम्याच्या अलीकडे कुठेतरी गाडीतच गेले. ड्रायव्हरला वाटलं झोपलेत. त्यानं गाडी सरळ घराच्या दारात आणली आणि हॉर्न वाजवला. आक्कासाहेबांनी स्वतः दार उघडलं. त्यानंतर नऊ वर्षं ती गाडी कुलपात होती. आता मुलीचं लग्न ठरलं होतं आणि मुलीनं त्याच गाडीतून सासरी जावं अशी त्यांची इच्छा.

आक्कासाहेब शेडमध्ये येऊन उभ्या राहिल्या, खुर्ची दिली तरी बसल्या नाहीत. "वसंतराव, रंग पूर्वीचा कातासारखा होता, तो तसाच आणा. पण गजाननराव, सीट हलवायची नाही. ते बसायचे ती जागा तशीच राहू दे. मुलगी तिथेच बसून जाईल."

तुला माहीत होता आमच्या जिनखान्यातला रिवाज. स्वार वारला की त्याचं जीन दुसऱ्याला द्यायच्या आधी त्याचा बसका, म्हणजे बसून बसून पडलेला खळगा, मोडायचा. एक शिवण उसवून आत भरलेले घोड्याचे केस मूठभर काढायचे, नदीत सोडायचे, आणि जिथे त्याचं अंग जास्त लागलं असेल तिथलं कातडं बदलायचं. नाहीतर नवा स्वार जिनावर बसत नाही, आधीच्याच्या मांडीवर बसतो, असं माझे वडील म्हणायचे. त्यांनी एकदा हे न करता जीन दिलं होतं, त्यापुढचं ते कधी सांगत नसत.

आक्कासाहेब गेल्यावर मी तुला म्हणालो, बसका मोडायला पाहिजे.

"अरे यार, बापाच्याच मांडीवर बसेल ना पोरगी? काय बिघडलं?"

"मेलेल्या बापाच्या."

"मेला म्हणून बाप राहत नाही का?"

तू जिंकलास की असा चेहरा करायचास ना, भुवई उडवून, तो केलास आणि साबणाचं पाणी कालवायला घेतलंस.

मागे डाव्या कोपऱ्यात, जिथे डोकं टेकतं तिथे, तो डाग होता. तळहाताएवढा, काळपट. साहेब चमेलीचं तेल लावायचे आणि ते वर्षानुवर्षं चामड्यात मुरलेलं. तू मुलतानी मातीचे लेप दिलेस, स्पिरिट दिलं, पेपर मारला. पहिला रंग मारलास, सुरेख बसला. सकाळी डाग वर. दुसरा हात मारलास. सकाळी डाग वर, आणि शेडमध्ये चमेलीचा वास. तिसऱ्या वेळी तो वर आला तेव्हा मी म्हणालो, तेल आहे, ते असंच येत राहणार, मला तेवढा तुकडा बदलू दे. तू डोळे वटारलेस. म्हणालास, "आक्कासाहेबांना शब्द दिलाय." मग ओलं गोणपाट काढून फेकलंस, आत गेलास आणि चारही दारं ओढून घेतलीस.

दुपारभर मी बाहेर बसून तुझं बोलणं ऐकत होतो. शब्द कळत नव्हते, काच होती ना मध्ये. पण कुणाशी तरी बोलल्यासारखा सूर, मध्येच थांबायचास, ऐकल्यासारखा, मग "हो हो" म्हणायचास. एक वाक्य मात्र स्पष्ट आलं. "जरा सरका साहेब, तुमच्या मागचं राहिलंय." माझ्या हातातली सुई थांबली. थोड्या वेळानं एक टिचकी वाजली, मी बटण दाबलं. बाहेर आलास तेव्हा डोळे लाल, चेहरा उजळलेला. म्हणालास, "उठतो म्हणालेत."

दुसऱ्या दिवशी रंगपंचमी. सगळं इंदूर राजवाड्याकडे लोटलेलं, तू सगळ्यांत पुढे. वर्षभर रंगात असतो तरी याला हौस आहेच, असं सुमनवहिनी म्हणायच्या. मी डोकं दुखतं सांगून मागे राहिलो आणि शेडवर आलो.

डाग वर आला होता.

सांगतो आता. मी कोपऱ्याची शिवण उसवली. ते कातडं काढलं. सीटच्या पाठीमागे, डिकीच्या बाजूला, जिथे जन्मात कुणाचं अंग लागलेलं नाही, तिथून तेवढाच तुकडा कापून आणला. एकाच जनावराचं कातडं, दाणा सारखा. जुन्याच भोकांतून, जुनाच मळका दोरा मेण लावून ओवला. त्या विलायती सीटमध्येही घोड्याचेच केस भरलेले, बसायच्या जागेच्या खालून ते मूठभर काढले. तुझ्या डब्यात रंग उरला होता. जन्मात पहिल्यांदा मी तुझी गन हातात घेतली आणि देवाचं नाव घेऊन तेवढा कोपरा मारला. रंग बसला. केस खान नदीत सोडले. घरी निघालो तेव्हा हात कोपरापर्यंत रंगलेले होते आणि कुणी काही विचारलं नाही, कारण त्या दिवशी शहरात एकाचेही हात कोरे नव्हते. उलट गल्लीतल्या दोघांनी अजून फासला.

सकाळी तू आलास. दार उघडलंस आणि उभाच राहिलास. मग आत वाकून डाव्या हातानं त्या जागेला स्पर्श केलास आणि हात जोडलेस. "गेले रे गज्या," म्हणालास, "साहेब उठले." आणि रडायला लागलास. तुझे वडील गेले तेव्हासुद्धा मी तुला रडताना पाहिलं नव्हतं. टाक्यांकडे तू बघितलं नाहीस. टाके तू कधी बघायचाच नाहीस, ते माझ्यावर सोडलेलं होतं. मी तोंड उघडलं आणि तुझा चेहरा बघून मिटलं. उद्या सांगू म्हटलं. माझ्यासारखा भित्रा माणूस दुसरा नसेल.

आक्कासाहेब आल्या. आत बसून त्यांनी डोळे मिटले आणि त्या कोपऱ्यावरून हात फिरवला. म्हणाल्या, "हो. इथेच." मी दुसरीकडे बघत होतो. मुलगी सुखानं सासरी गेली, मुलंबाळं झाली, सगळं चांगलं झालं. म्हणून मला वाटायचं, काय वाईट केलं मी?

पण ओलं गोणपाट तू पुन्हा टांगलं नाहीस. उद्याचा परवा झाला, आणि तोवर तुझी गोष्ट सराफ्यापर्यंत पोचली. लोक गाड्या घेऊन यायचे आणि म्हणायचे, भिया, वो बंद गाडीवाला काम करवाना है. तू आत जाऊन दारं लावून घ्यायचास. आधी दुपारभर, मग दिवसदिवस. दोन वर्षांत खोकला लागला. चार वर्षांत जिना चढताना मध्ये थांबायला लागलास. मी म्हणायचो, एक दार तरी उघड. तू ठरलेलं उत्तर द्यायचास, "दार उघडं असतं तर साहेब बोलले असते का?" आणि मी कंप्रेसरकडे वळायचो. तिथेच सांगायला हवं होतं. अरे बाबा, कुणी बोललं नाही, कुणी उठलं नाही, मी कातडं बदललं. एका वाक्याचं काम. शंभर वेळा ते वाक्य ओठावर आलं. तू मला मारलं असतंस, शेड सोडून गेला असतास, वर्षभर तोंड बघितलं नसतंस. पण गोणपाट टांगलं असतंस.

शेवटची ती बेटम्याच्या सेठची गाडी. सकाळी साडेनऊला तू आत गेलास. मागची सीट तेवढी राहिली होती. एक टिचकी, मी कंप्रेसर लावला. दहाच्या सुमाराला दोन टिचक्या, मी बंद केला. मग नेहमीसारखं तुझं बोलणं सुरू झालं. मी निंबाखाली मशीन घेऊन बसलो होतो. ऊन चढत होतं. मध्ये एकदा वाटलं, फार वेळ झाला, हाक मारावी. पण आवाज येत होता. आवाज येतोय म्हणजे माणूस ठीक आहे, असंच कुणीही धरून चालेल ना? सव्वाबारा झाले असतील, तेव्हा तू एकदम मोठ्यानं आणि अगदी आनंदानं म्हणालास, "सरकतो ना. बसा, ऐसपैस बसा." मी मनाशी म्हटलं, आज उलटंच चाललंय, आज हाच सरकतोय. आणि दोरा ओवला.

साडेबाराला जेवायला बोलवायला म्हणून दार उघडलं. तू उजव्या कोपऱ्यात होतास. अंग चोरून, दाराला चिकटून, जसं टांग्यात चौथा माणूस चढला की आपण बसतो. बाकी सगळी सीट मोकळी. आणि तुझी पाठ ओल्या रंगाला टेकलेली होती. मी तिथेच ओरडलो. तुझा श्वास बघायच्या आधी मला ते दिसलं. तू आणि ओल्या रंगाला टेकणार? गाडीत मुंगी शिरली तर तू तिला चिमटीत धरून बाहेर सोडायचास, रंगाला लागू नये म्हणून.

डॉक्टरांनी हात बघितला, डोळे बघितले. म्हणाले, गॅस चढला, छाती आधीच कमजोर होती, निदान दोन तास झालेत जाऊन. मी म्हणालो, नाही डॉक्टरसाहेब, आत्ता पाऊण तासापूर्वी मी याचं बोलणं ऐकलंय. ते म्हणाले, अंग गार पडून आखडायला लागलंय, दोन तास. मी पुन्हा म्हणालो, सव्वाबाराला बोलला. ते चिडले. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून हळू म्हणाले, धक्क्यानं होतं असं. पण वसंता, धक्का मला साडेबाराला बसला. सव्वाबाराला मी अगदी शहाणा माणूस होतो, दोरा ओवत होतो.

काल पायरीवर बसलो होतो तिथे सुमनवहिनी आल्या. शेजारी बसल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, थकून गेल्यात नुसत्या. म्हणाल्या, "भाऊजी, सेठचा माणूस येऊन गेला. गाडीचं काय ते विचारत होता. ह्यांचं काम अर्धं राहू देऊ नका. तुम्ही पुरं करा."

मी म्हणालो, करतो.

आतून त्या गोष्टीचा आवाज येत होता, कुणीतरी तुझी नक्कल करून सांगत होतं, जरा सरका साहेब. वहिनी ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "मला तेवढाच आधार आहे बघा. छातीचं मातेरं केलं, पण उगीच नाही केलं. काहीतरी होतं त्यांच्यात. तो डाग गेला तो तुम्ही स्वतः बघितलात ना?"

आता काय सांगू? आठ वर्षं तुझ्याशी खोटं वागून झालं होतं, वहिनींशी जमेना. सगळं सांगितलं. रंगपंचमी, शिवण, मूठभर केस, सगळं. त्या शिव्या देतील, रडतील, उठून जातील, सगळ्याची तयारी केली होती. त्यांनी पदर सारखा केला.

मग म्हणाल्या, "म्हणजे साहेब उठलेच नव्हते."

"नाही वहिनी. कुणीच नव्हतं तिथे."

"मग हे आठ वर्षं बोलत होते ते कुणाशी?"

त्या उठून आत गेल्या. जाताना माझ्याकडे बघितलं नाही, आणि यापुढे बघतील असं मला वाटत नाही. ते माझं मी निस्तरीन. पण तो प्रश्न रात्रभर माझ्या उशाशी बसून होता. मी तुला फसवलं हे मला ठाऊक होतं. फसलेला माणूस एकदा बोलेल, दोनदा बोलेल. आठ वर्षं पलीकडून उत्तर आल्याशिवाय कोण बोलतं? तू तर इतका उतावळा, मी चहाला दोन मिनिटं उशीर केला तर एकटा पिऊन मोकळा व्हायचास.

आज उजाडताच शेडवर आलो. हे मी इथे बसून लिहितोय. त्या दिवशी मी चारही दारं उघडली ती तशीच उघडी आहेत. उजव्या कोपऱ्यात तुझ्या पाठीचा ठसा आहे, सदऱ्याची वीण दिसते. तो घासून काढल्याशिवाय नवा रंग बसणार नाही. पॉलिश पेपर भिजवून ठेवलाय. दोनदा हात घातला आणि मागे घेतला. माझ्याच्यानं नाही होत रे.

म्हणून आधी दाराशी उभा राहून तुला मोठ्यानं सांगितलं. डाग तू घालवला नाहीस वसंता, मी कातडं बदललं होतं, तुझा चेहरा बघून सांगायची छाती झाली नाही, त्यापायी तू दारं लावत गेलास. माफ कर म्हणणार नाही, तेवढं तोंड नाही मला. पण एक शिवी तरी घाल. गधडा म्हण, काहीही म्हण. तू नाही म्हणालास तर मला कसं कळणार मी तुला मारलं की नाही?

वारा सुटला होता. रस्त्यावरची धूळ आत येऊन सीटवर बसत होती. पलीकडच्या चक्कीचा पट्टा चालला होता, दोन कावळे निंबावर भांडत होते. मी दुपारपर्यंत थांबलो. गाडीतून हूं नाही की चूं नाही. इतका आवाज करणारा माणूस तू, आणि इतकं गप्प राहता येतं तुला.

मग लक्षात आलं. दारं उघडी आहेत.

आयुष्यभर मी तुला एकच सांगत आलो, दार उघड. आज मी उठलो, पुढची दोन्ही दारं लावली, काचा वर चढवल्या. मागचं डावं दार लावलं. उजवीकडून आत शिरलो आणि ते आतून ओढून घेतलं. बाहेरचे कावळे एकदम बंद झाले. तुझ्या ठशाला धक्का न लावता मी अंग चोरून बसलोय, वहीवर आता नीट दिसतही नाही.

सांग, वसंता.